आखाडातलं पापलेट

माणसाचा अपमान व्हायचाच असेल तर तो निदान मोठ्या कारणावरून तरी व्हावा, असं बद्रीनाथ पठाडे यांचं स्पष्ट मत होतं. बांधाच्या भांडणात झाला, निवडणुकीत झाला, बदलीच्या यादीत झाला, तर माणूस चार लोकांत तो सांगू तरी शकतो. पठाड्यांचा अपमान एका पापलेटावरून झाला. तोही सख्ख्या व्याह्यांच्या घरी, अठ्ठावीस माणसांच्या पंगतीत, आणि असा की कुणाला सांगावा तर ऐकणारा आधी हसायचा.

पठाडे मूळचे करमाडचे, पण नोकरी औरंगाबादेत, एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे अव्वल कारकून. कचेरीत त्यांना भाऊसाहेब म्हणत, घरी आण्णा. त्यांची मुलगी द्वारका नर्स होऊन अलिबागेकडे नोकरीला गेली आणि तिथं तिनं रेवदंड्याच्या हिराजी तांडेल यांच्या मुलाशी लग्न ठरवलं. तांडेल जातीनं कोळी, दोन होड्यांचे मालक, मुलगाही होडीवरच. यावर आण्णांचं जितकं चिडायचं तितकं चिडून झालं, मग लग्न झालं, मग चिडणंही विसरून झालं. पाडवा झाल्यावर ते आणि चतुराबाई पहिल्यांदा लेकीच्या सासरी गेले.

पंगत बसली. चतुराबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून त्यांना आत वरणभात वाढला होता. आण्णांच्या ताटात मात्र आख्खं पापलेट, वाटीत लालभडक कालवण आणि तांदळाच्या दोन भाकरी. आता रस्सा समोर आला की करमाडचा माणूस काय करतो? तो भाकर घेतो, बारीक कुस्करतो, वरून रस्सा ओततो आणि मुठीनं सगळं कालवून काला करतो. आण्णांनी तेच केलं. दोन भाकरी कुस्करल्या, कालवण ओतलं, वर ते पापलेट ठेवलं आणि मूठ आवळून असं एकजीव केलं की भाकर कुठली, मासा कुठला आणि काटा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पंगत शांत झाली. आण्णांना वाटलं, आपल्या जेवणाच्या पद्धतीचं कौतुक चाललंय. तेवढ्यात विहीणबाई, चांगुणाबाई, लगबगीनं आल्या.

"थांबा, थांबा, पाव्हणं! घशात जाईल काटा." त्यांनी आण्णांच्या समोरचं ताट उचललं. भरल्या ताटावरून माणसाला उठवणं वेगळं आणि माणसासमोरून ताट उठवणं वेगळं, हे आण्णांना त्या दिवशी कळलं. मग चांगुणाबाईंनी त्यांना पंगतीच्या टोकाला, आपल्या लेकीकडच्या चार वर्षांच्या नातीशेजारी बसवलं आणि दोघांच्या मध्ये बसून एक घास तिच्या ताटात, एक घास यांच्या ताटात, असं काटे काढून काढून वाढलं. नातीनं आण्णांकडं नीट पाहिलं आणि आपल्या ताटातला एक तुकडा उचलून त्यांना दिला.

"सवय नाय ना," हिराजी तांडेल प्रेमानं म्हणाले, "होईल हळूहळू."

हे प्रेमच आण्णांना जास्त लागलं. रागानं बोलले असते तर उलट उत्तर देता आलं असतं. प्रेमाला काय उत्तर द्यायचं? निघताना दारात उभं राहून ते जवळजवळ ओरडलेच, "पाव्हणं, आता तुम्ही या आमच्याकडं. आखाडात या! आमच्याकडं आखाडाचं जेवण असतं, श्रावण लागायच्या आधी. दर्याचीच मासळी खाऊ घालतो तुम्हाला, बघाच!"

"आखाडात?" हिराजींनी विचारलं, आणि ते हसले. "बरं बरं. येतो."

त्या हसण्याचा अर्थ आण्णांनी एसटीत बसून औरंगाबाद येईपर्यंत लावला. अर्थ एकच निघत होता: या माणसाला वाटतंय की आपल्याला जमणार नाही.

"एवढं काय झालं?" चतुराबाई म्हणाल्या. "वरणभात चांगला होता की."

आण्णा पुण्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत.

हातात अडीच महिने होते. तेवढ्यात मासा खायला शिकायचं, समोरासमोर बसून, काटा न लागता, कुणाची मदत न घेता. आणि व्याह्याच्या देखत पापलेटाचा सांगाडा स्वच्छ करून ताटाच्या कडेला ठेवायचा. त्याशिवाय लेकीच्या सासरी पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं आण्णांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे कॅलेंडरवर खूणच केली.

शेजारच्या क्वार्टरमध्ये फारूख राहायचा. तो त्याच कचेरीतला जीपचा ड्रायव्हर. आण्णांनी त्याला विश्वासात घेतलं. फारूखनं सगळं ऐकलं, हसू आवरायला दोनदा खोकला, आणि म्हणाला, "भाऊसाब, हबीब के पास चलो. छावणी में. समिंदर की मच्छी का बादशाह हैं वो."

छावणीच्या बाजारात हबीबचा ठेला होता. दर बुधवारी आणि रविवारी मुंबईहून बर्फात माल यायचा. हबीबनं आण्णांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पहले पापलेट," तो म्हणाला. "पापलेट शरीफ मच्छी हैं साब. एकच काटा, बीच में. मग सुरमई. सगळ्यात शेवटी बांगडा. आणि ऐका, भाकर नक्को. भाकरीत काटा लपतो. चावल के साथ खाव. आणि दातानं नाय, बोटानं खायचं. काटा बोटाला कळला पाहिजे, दाताला कळंपर्यंत उशीर होतो."

"अजून काही?"

"बातां नक्को करू खाते वक्त. बातां मटणवाले करते."

ही अट सगळ्यात जड होती. जेवताना न बोलणं आण्णांना लग्नाच्या दिवशीसुद्धा जमलं नव्हतं. पण जिद्द ती जिद्द. दर बुधवारी आणि रविवारी फारूखची बायको शकीला मासा रव्यात घोळवून तव्यावर तळायची, आणि आण्णा फारूखच्या ओसरीवर मांडी घालून, परीक्षेला बसल्यासारखे गप्प बसून तो खायचे. पाठीकडून बोट घालायचं, मधल्या रेषेवरून सरकवायचं, वरचं मांस सुटं करायचं, मग काट्याला शेपटीकडून धरून हळूच उचलायचं. पहिल्या चार पापलेटांचा चुरा झाला. पाचव्याचा काटा दोन तुकड्यांत निघाला. शकीला दाराआडून बघायची आणि आत जाऊन हसायची. ते हसणंही आण्णांनी मनात नोंदवून ठेवलं.

"भाऊसाब, मजा आता क्या?" फारूखनं एकदा विचारलं.

"मजेचा इथं काय संबंध?" आण्णा उसळले.

सुरमई पार पडली. बांगड्यावर मात्र घात झाला. बांगड्याच्या पोटाजवळ बारीक काटे असतात, हे हबीबनं सांगितलं होतं. पण त्या रविवारी आण्णांना शेजारच्या रामकिसनचा पोटभर राग आला होता, आणि गप्प बसायची अट मोडून ते दोन वाक्यं बोलले. दुसरं वाक्य अर्धंच राहिलं. काटा घशात आडवा बसला.

दहा मिनिटांत अख्खी कॉलनी फारूखच्या ओसरीवर जमली. ज्याला कधी आयुष्यात काटा लागला नव्हता त्याच्याकडंही काट्यावर औषध होतं. कुणी कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावला. कुणी केळ. रामकिसन कन्नड तालुक्यातला, तिथल्या गुऱ्हाळावर काही दिवस काढलेला, त्यामुळे त्याच्या सगळ्या उपायांत गूळ असायचा. त्यानं मूठभर गूळ भरवला. मग तोच म्हणाला, "मासा खाल्ल्यावर दूध नाय ना पिलात? अंगावर कोड उठतं." आण्णा सकाळी चहा प्याले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला, तेव्हा रामकिसन म्हणाला, "बघा, उठायला लागलं."

शेवटी कुणाला तरी आठवलं की कॉलनीत झाडलोट करणारी भागूबाई पायाळू आहे. जन्मताना पायाकडून आलेल्या माणसानं कमरेत पाय लावला की भरलेली उसण जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. मग काटा का जाणार नाही? भागूबाई आली. तिनं पदर खोचला, "भाऊसाहेब, माफी असू द्या," म्हणाली, आणि जी लाथ घातली ती आतापर्यंत कचेरीनं थकवलेल्या तिच्या पगाराचा सगळा हिशेब करून घातली असावी. आण्णा ओसरीवरून खाली अंगणात गेले. काटा खरोखरच गेला. पण जिच्या पायानं लोकांची उसण जाते तिच्या पायानं आण्णांच्या कमरेत उसण भरली, आणि ती काढायला दुसरा पायाळू सबंध औरंगाबादेत मिळेना.

इतकं होऊनही आण्णांनी हार मानली नाही. उलट त्यांनी सराव घराच्या मागच्या अंगणात हलवला, कारण फारूखच्या ओसरीवर आता रविवारी प्रेक्षक जमू लागले होते. चतुराबाईंच्या माळेमुळे आतल्या चुलीवर हे शिजणं शक्यच नव्हतं, म्हणून अंगणात तीन विटा मांडल्या. तिसऱ्या रविवारी वास कॉलनीभर पसरला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी आण्णांच्या टेबलावर कचेरीचाच कागद येऊन पडला: आपल्या शासकीय निवासस्थानातून उग्र स्वरूपाचा दर्प येत असल्याबाबत मौखिक तक्रार प्राप्त झाली आहे, सबब आपण तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

आण्णांना राग आला तो कागदाचा नव्हे. हा मसुदा त्यांनी स्वतः, सहा वर्षांपूर्वी, बकरी पाळणाऱ्या एका शिपायासाठी लिहिला होता. बकरीच्या जागी दर्प घालून तो त्यांच्याच अंगावर सोडण्यात आला होता. आपल्याच हातच्या भाषेनं आपल्याला 'सबब' म्हणावं, यापरता विश्वासघात नाही. त्यांनी पाऊण दिवस बसून खुलासा लिहिला: सदर दर्प उग्र नसून समुद्रीय आहे; सदर मासळी कौटुंबिक कर्तव्यापोटी सरावार्थ आणलेली आहे; आखाड संपताच दर्प आपोआप संपुष्टात येईल. साहेबांनी फायलीवर शेरा मारला, "चर्चा करावी." चर्चा झाली. साहेबांनी दार लावून घेतलं, आण्णांना बसायला सांगितलं, आणि हलक्या आवाजात विचारलं की सुरमई ताजी कशी ओळखायची. तेव्हापासून फाईल दाबून ठेवण्यात आली.

आषाढ लागेस्तोवर आण्णांचा हात बसला होता. आता ते पापलेटाचा काटा एका दमात, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड उचलत आणि बशीच्या कडेला फणीसारखा ठेवत. हबीब एकदा बघायला आला. बघून त्यानं टोपी काढली. आण्णांनी त्या दिवशी कचेरीची बैठक चुकवली आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

आषाढ लागला आणि द्वारकाचं पत्र आलं. 'आण्णा, आम्ही चौघं येतोय. मासळीच्या भानगडीत पडू नका. साधं आमटीभाकर करा. बाकी भेटीअंती.' आण्णांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा चतुराबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बघ! पोटच्या पोरीला वाटतंय की बापाला मासा जमणार नाय. सासरच्यांनी भरवलं असेल तिला."

"तसं नसंल," चतुराबाई म्हणाल्या. "काही तरी कारण असंल की."

"कारण मला माहितंय."

मग ते छावणीत गेले आणि बारा पापलेटं सांगितली, मोठी, एकसारखी. हबीबनं डोकं खाजवलं.

"साब, अबी नक्को. अबी समिंदर बंद हैं."

"बंद?" आण्णांचा आवाज चढला. "समुद्र काय कचेरी आहे का बंद असायला? त्याला काय दुसरा-चौथा शनिवार असतो?"

"होड्या बंद साब, दो महीने. मिलेगी तो बर्फाच्या कारखान्यात ठेवलेली जुनी मिलेगी. महाग."

आण्णांनी एवढंच ऐकलं की हबीबला भाव वाढवून हवा आहे. सगळ्या जगानं आपल्याविरुद्ध कट केला असताना एका मासेवाल्यानं मागं का राहावं? त्यांनी मागेल तो भाव कबूल केला आणि ताठ मानेनं, कमरेची उसण सांभाळत, घरी आले.

जेवण रांधायला करमाडहून चुलतभाऊ कडूबा आला. कडूबा म्हणजे गावच्या आखाडाचा आचारी. सात बोकड एका दिवसात शिजवलेला माणूस. त्याला मासा म्हणजे बोकडाचाच एक अशक्त प्रकार वाटत असावा. त्यानं बारांतली सात पापलेटं हळदमिठाच्या पाण्यात टाकली, झाकण घातलं, खाली बाभळीची दोन लाकडं सारली, आणि तंबाखू मळत बसला.

"किती वेळ?" आण्णांनी विचारलं.

"दोन तास. गाळ शिजला पाहिजे. मग येसर मसाला टाकतो, अन् वर तेलाचा कट बघा कसा येतो ते."

आण्णांना मासा खाता येत होता. मासा शिजवणं शकीला करायची. त्यांनी कडूबावर विश्वास ठेवला. दोन तासांनी कडूबानं झाकण काढलं, पळी फिरवली, पुन्हा फिरवली, तळापर्यंत घातली. पळीत नुसते काटे आले.

"मासे कुठं गेले?" आण्णा किंचाळले.

कडूबानं शांतपणे अंगणात चारी बाजूंना पाहिलं. "मांजर आलतं का?"

"उकळत्या पातेल्यात?"

"मग माशातच दम नव्हता. आपलं बकरं असं कधी करत नाय." कडूबानं आण्णांकडं असं पाहिलं की जणू आण्णांनीच त्याला फसवलं होतं. आण्णांनी त्याला विटांपासून लांब बसवलं आणि उरलेली पाच पापलेटं स्वतः, शकीलाला भिंतीपलीकडून विचारत विचारत, रव्यात घोळवून तळली. तळताना हातावर तेल उडालं. त्यांनी त्याची तक्रारही केली नाही. पाच मासे, पाच ताटं: हिराजी, चांगुणाबाई, द्वारका, जावई आणि ते स्वतः. देवालासुद्धा समोरासमोर सामना बघायचा होता, असं त्यांना वाटलं.

पाहुणे आले. हातपाय धुणं झालं, चहा झाला, ताटं मांडली. हिराजींच्या बरोबर समोर आण्णा बसले. भात, वाटीत लिंबू, आणि मध्ये ते सोनेरी पापलेट. "करा सुरुवात," आण्णा म्हणाले, आणि कुणाची वाट न बघता, एक शब्द न बोलता, पाठीकडून बोट घातलं, वरचं मांस उलगडलं, शेपटी धरली आणि काटा उचलला. अखंड. डोक्यापासून शेपटीपर्यंत. तो त्यांनी क्षणभर हवेत धरला, सगळ्यांना दिसावा म्हणून, मग ताटाच्या कडेला ठेवला आणि मान वर केली.

कुणाचाच हात ताटाला लागलेला नव्हता. हिराजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"पाव्हणं, फार छान काढलात," ते म्हणाले. "आमच्याकडं बी एवढं कुणाला येत नाय. पण आमाला माफी असू द्या."

"म्हणजे?"

"अजून दर्याला नारळ दिला नाय आमी. नारळी पुनवेपर्यंत आमच्या घरात सुकी मासळी सोडली तर दर्याचं मावरं ताटात येत नाय. या दोन महिन्यांत मावरं अंडी घालतं, होड्या वर ओढलेल्या असतात. माझ्या आज्यापासून हेच."

आण्णांचं डोकं गरम झालं. आधी नुसतं गरम झालं, मग त्यांना ते अडीच महिने एकदम आठवले: गुळाची मूठ, भागूबाईची लाथ, खुलासा, कडूबा. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? आखाडाचं बोलावणं दिलं तेव्हा हसलात तुम्ही! माणूस इथं मरमर मरतोय, शिकतोय, कमरेत लाथा खातोय, आणि तुम्ही तिकडं हसताय? आमच्याकडं ताटात वाढलेलं पाव्हणा परत करत नाय. केलं तर तो अपमान असतो!"

"आण्णा, मी पत्रात लिहिलं होतं," द्वारका हळू आवाजात म्हणाली.

"कारण कुठं लिहिलं होतंस?"

चतुराबाई दारात उभ्या होत्या. मग चांगुणाबाई पुढं सरकल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण हसणंही नव्हतं.

"पाव्हणं, आमी नाय खाल्लं तर तुमचा अपमान व्हतो, हे आमाला कळतं. म्हणून आमचं म्हातारं अवघडून बसलंय. आता तुमीच सांगा. नेम मोडला तरी पुनवेनंतर होडी सुटते, आणि तवा त्या होडीवर तुमचाच जावई असतो. तुमी खा म्हणालात तर आमी खातो."

आण्णांनी जावयाकडं पाहिलं. पंचविशीचा, काळासावळा, लाजरा मुलगा. सासऱ्यासमोर काय बोलावं हे न सुचून ताटातल्या लिंबाकडं बघत होता. मग त्यांनी द्वारकाकडं पाहिलं. द्वारका आण्णांकडं नाही, नवऱ्याकडं बघत होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं पांढरी झाली होती. ती एवढंसं पोर असताना विहिरीच्या कठड्यावर चढलेल्या बापाकडं अशीच बघायची.

आजपर्यंत समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी अपमानाची एक जागा होती. तो खोल असतो, त्यात माणसं जातात आणि तिथून त्यांना परत यायचं असतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता.

"खायचं नाय!" ते ओरडले, आणि चांगुणाबाई दचकल्या. "कुणी खायचं नाय! कडूबा! उचल ही ताटं. माझं पण उचल. काटा काढलेलं असलं तरी उचल. चतुरे, आमटी हाय ना? आमटी आण. मला एक सांगा, एवढी मोठी गोष्ट आणि मला कुणी सांगत नाय? जावई माझा नाय का?"

"तुमचाच हाय," हिराजी म्हणाले, आणि त्यांनी डोळ्यांच्या कडा पंच्यानं पुसल्या.

मग सगळ्यांनी येसरची आमटी आणि भाकरी खाल्ली. पापलेटं भिंतीपलीकडं फारूखकडं गेली. वाटेत कडूबानं एक खाल्लं आणि कच्चं आहे म्हणून सांगितलं. जेवणानंतर दोघा व्याह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, दोन्ही घरांना एकत्र मासळी खाता येईल असा दिवस शोधायला. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो, पण तेव्हा पठाड्यांचा श्रावण. मग गणपती. मग महालक्ष्म्या. मग पितर, मग नवरात्र. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न. वारांत चतुराबाईंचे सोमवार-गुरुवार, आण्णांचा शनिवार, चांगुणाबाईंच्या एकवीरेचा मंगळवार. आण्णा प्रत्येक सणावर वेगळे चिडले. शेवटी तुळशीच्या लग्नानंतरचा एक बुधवार निघाला, त्यावर कुणाचाच हक्क नव्हता. हिराजींनी त्यावर पेन्सिलीनं मासा काढला, तो इतका हुबेहूब निघाला की आण्णांना त्याचाही थोडा राग आला.

पाहुणे गेले, श्रावण लागला, नारळी पौर्णिमा आली आणि गेली. त्यानंतर आण्णांना एक नवीनच खोड लागली. संध्याकाळी सातच्या बातम्या ते कचेरीतून आल्या आल्या रेडिओला कान लावून ऐकायचे, आणि हवामान आलं की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही.

एका शनिवारी बातम्यांत सांगितलं की कोकण किनाऱ्यावर समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी खोल पाण्यात जाऊ नये. आण्णांचा उपास सोडायचा होता. ते ताटावरून उठले.

"खवळायचं काय कारण?" त्यांनी रेडिओलाच विचारलं. "आत्ताच नारळ दिला ना लोकांनी? आणि यांना हे सकाळी का सांगता येत नाय?"

पायात चप्पल अडकवून ते कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या डब्यात गेले. रेवदंड्याचा फोन तांडेलांच्या घराजवळच्या एका किराणा दुकानात होता. लाइन तीनदा लागली नाही. चौथ्यांदा लागली तर दुकानदार म्हणाला, बोलावतो, थांबा. आण्णा थांबले. बाहेर दोन माणसं रांगेत उभी होती; त्यांनी काचेवर टकटक केली, तेव्हा आण्णांनी आतून त्यांच्याकडं असं पाहिलं की दोघंही मागं सरकले.

शेवटी हिराजी आले. धापा टाकत होते.

"कोण, पाव्हणं? काय झालं? चतुराबाय बरी हाय ना?"

"चतुरीला काय धाड भरलीय? होडी कुठंय?"

"होडी? होडी दुपारीच आली. वारा बघून परत फिरवली. वर ओढून ठेवलीय."

"आणि जावई?"

"घरीच हाय. जेवायला बसलाय."

आण्णांनी कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीनं पुसला. फोनमधून तिकडच्या पावसाचा आवाज येत होता.

"काय जेवतोय?" त्यांनी विचारलं.

"पापलेट."

"काटे बघून खा म्हणावं त्याला," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.